न जमण्याचा कर्ता कोण?

नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं. झाहा हदीद आर्किटेक्ट्स या लंडनच्या संस्थेनं कमळाच्या कल्पनेवर त्याचं टर्मिनल रचलं आहे. असे वळणदार पृष्ठभाग आज आधी संगणकात, त्रिमितीत घडवले जातात आणि मग जमिनीवर उभे राहतात. विमानतळाच्या याच पनवेल परिसरात, नवीन पनवेलच्या पिल्लई वास्तुकला महाविद्यालयासारख्या ठिकाणी, शेकडो मुलंमुली ही विद्या शिकत असतात. त्यांच्या क्षेत्राचं शिखर त्यांच्या दाराशीच उभं आहे.

वाट मात्र चढणीची आहे. राइनो या त्रिमितीय आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन पृष्ठभाग जुळलेले दिसतात, पण कडांमध्ये बारीक फट राहते आणि बंद घनाकार काही केल्या तयार होत नाही. एका आकारातून दुसरा वजा करण्याची आज्ञा दिली की संगणक नकार देतो, आणि का ते नीट सांगत नाही. मिलिमीटरऐवजी मीटरमध्ये काम चाललंय हे फार उशिरा लक्षात येतं. रेंडरला, म्हणजे अंतिम चित्र तयार करायला लावलेली फाइल पहाटे अडकते आणि सकाळी ज्युरी, म्हणजे परीक्षकांपुढचं सादरीकरण असतं. अशा वेळी तोंडून एकच वाक्य निघतं : ‘मला हे जमणारच नाही.’

या वाक्यात एक मोठा दावा दडलेला आहे. जे बिघडलं त्याचा एकमेव कर्ता मी आहे, असं ते म्हणतं. हा दावा खरा आहे का?

गीतेचा अठरावा अध्याय या प्रश्नाला थेट भिडतो. कोणत्याही कर्माच्या सिद्धीमागे तिथं पाच कारणं सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. आणि पुढे लगेच बजावलं आहे की, असं असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो, त्याला नीट दिसत नाही. हा श्लोक सहसा यशाचा अहंकार उतरवण्यासाठी सांगितला जातो. पण तो अपयशालाही तितकाच लागू आहे. ‘सगळं मीच केलं’ आणि ‘सगळं माझ्यामुळेच फसलं’ या दोन्हींच्या मुळाशी एकच भ्रम आहे.

अडलेली फाइल या पाच कारणांपुढे ठेवून पाहावी. शंकराचार्यांच्या भाष्यात अधिष्ठान म्हणजे शरीर. दोन रात्री न झोपलेल्या शरीराकडून कोणतं अचूक काम होणार? करण म्हणजे साधनं. भाष्यात ती इंद्रियं आहेत, पण आज हा विचार कमी मेमरीच्या लॅपटॉपपर्यंत नेता येतो. चेष्टा म्हणजे इथं कृतींचा क्रम. आकार आधी बंद करायचा की आधी कापायचा, यावर सगळं ठरतं. दैव म्हणजे ऐन वेळी गेलेली वीज. उरला कर्ता. त्याची जबाबदारी कुठेही सुटलेली नाही, पण ती पाचातली एक आहे. इतकी फोड केली की ‘मी नालायक’ या निकालाच्या जागी तपासता येईल असा प्रश्न येतो : अडलंय नेमकं कुठं?

चिडलेल्या मनाला मात्र ही फोड करता येत नाही, आणि याचंही कारण गीतेनंच दुसऱ्या अध्यायात दिलं आहे. विषयाच्या सतत चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश आणि त्यातून बुद्धिनाश, अशी ती साखळी आहे. संगणकासमोर बसलेल्या कुणालाही ती ओळखीची वाटेल. काल सहज केलेली कृती संतापात आठवत नाही, तीच आज्ञा पुन्हा पुन्हा दिली जाते आणि चांगली फाइलही बिघडते.

पतंजलींनी तर निराशेला साधनेच्या नकाशातच जागा दिली आहे. योगसूत्रांत नऊ अंतराय, म्हणजे अडथळे, मोजले आहेत. त्यात प्रयत्न करूनही पायरी न गाठणं आहे, आणि गाठलेल्या पायरीवर टिकता न येणंही आहे. या अंतरायांचे सोबती म्हणून दुःख, दौर्मनस्य, अंगाचा कंप आणि बिघडलेला श्वास सांगितले आहेत. इच्छेला अडथळा आला की चित्तात उठणारा क्षोभ, असं दौर्मनस्याचं स्पष्टीकरण व्यासभाष्य देतं. म्हणजे ही अवस्था साधकालाच येते. ती अपात्रतेचा दाखला ठरत नाही. उपाय सांगितला आहे तो एकाच तत्त्वाच्या अभ्यासाचा. चार व्हिडिओ एकदम उघडून बसणाऱ्या विद्यार्थ्यानं तो अक्षरशः घ्यावा : एक आकार, एक अडचण, ती सुटेपर्यंत.

गीता फळाची आशा सोडून कर्म करायला सांगते. इथं एक रास्त आक्षेप येतो. ज्याच्यापुढे गुण आहेत, सबमिशनची तारीख आहे, घरच्यांनी भरलेली फी आहे, त्याला फळाची आशा सोडा असं सांगणं क्रूर नाही का? या आक्षेपाचं उत्तर पनवेलच्या शेजारच्या पेण तालुक्यातून मिळतं. तिथल्या गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. विनोबांची मांडणी अशी की, फळाच्या चिंतनात खर्च होणारी शक्ती वाचली की ती कर्मात उतरते, म्हणून फलत्याग करणाऱ्याचं काम इतरांपेक्षा सरस व्हायला हवं. त्याग म्हणजे बेपर्वाई, हा समज इथं गळून पडतो. ज्युरीची तारीख वहीत राहू द्यावी. काम करताना डोळ्यांपुढे फक्त ती न जुळणारी कड असावी.

अपयश हा शिकण्याचाच भाग आहे, या बाजूला आधुनिक शिक्षणशास्त्रही झुकतं. मनु कपूर या संशोधकानं २००८ पासून ‘फलदायी अपयशा’ची कल्पना मांडली आहे. आधी स्वतः झगडू दिलं, चुकू दिलं आणि मग पद्धत शिकवली तर समज खोल होते, असं त्याच्या प्रयोगांत दिसलं. पण त्यात एक अट आहे : झगडल्यानंतर शिकवणारं कुणीतरी हवं. विद्यार्थ्याला वाऱ्यावर सोडून त्याला अपयशाचे फायदे ऐकवणं हा या विचाराचा अपमान आहे.

म्हणून ही विनंती शिक्षकांना आहे. ज्युरीत चकचकीत रेंडरसोबत एक फसलेली फाइलही मागवावी आणि पाचांपैकी कोणत्या कारणानं ती फसली हे विद्यार्थ्याला सांगू द्यावं. त्या विश्लेषणाला गुण द्यावेत. आणि ज्याचं साधनच कमी पडतंय, त्याला चांगला संगणक मिळवून द्यावा. त्याला धीराचा उपदेश करू नये.