तीच गाडी

आमच्या सदाशिव पेठेत माणसाजवळ जुन्या वस्तूंचा अभिमान भरपूर असतो, त्या ठेवायला जागा मात्र नसते. वडिलांनी १९६२ साली घेतलेली फियाट ११०० मी अजून बाळगून आहे, याचे शेजाऱ्यांना कौतुक थोडे आणि दुःख फार. मागच्या हिवाळ्यात अशाच आठ हौशी मंडळींनी बेत केला. रविवारी सकाळी टिळक रस्त्यावर स. प. महाविद्यालयापाशी जमायचे, खडकवासल्यावरून सिंहगडाच्या पायथ्याशी डोणज्याला जायचे, पिठले-भाकरी खायची आणि परत यायचे. एवढ्यासाठी दोन दिवस गाडीची पुसपास चालली होती. तेवढ्या वेळात पिठले घरीच पाच वेळा झाले असते, असे हिने सांगितले.

बरोबर मेस्त्रींना घेतले. चाळीस वर्षे ही गाडी त्यांच्याच हाताखाली आहे. वाटेत बंद पडली तर असावेत, म्हणून नेले; पाहुणे म्हणून नव्हे. हे मुद्दाम सांगतो.

आमची गाडी बंद पडली नाही. धरणापाशी एका अँबॅसडरने वाफ सोडली, तेव्हा मेस्त्री उतरले, रेडिएटर निवेपर्यंत कोणाला झाकणाला हात लावू दिला नाही, मग पाणी घातले. सगळे पुन्हा निघालो.

जेवताना शेजारच्या टेबलावरच्या एका तरुणाने कौतुकाने विचारले, "काका, सगळं ओरिजिनल आहे ना?"

"हो, वडिलांच्या वेळचंच!" मी म्हणालो.

मेस्त्री समोर भाकरी मोडत होते. त्यांनी वर पाहिले नाही.

आता खरा हिशेब सांगतो. पिस्टन दोनदा बदलले. वायरिंग सगळे नवे. दारांचे गंजलेले पत्रे कापून दुसरे जोडले. डायनॅमो जुन्या बाजारातून, कोणा मेलेल्या फियाटचा. वडील ज्या सीटवर बसत, तिचा काथ्याही राहिलेला नाही. चासीवरचा क्रमांक तेवढा तोच आहे, आणि आर.टी.ओ.चे त्यावर समाधान होते.

मग ही वडिलांची गाडी कशी? 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू ग्रीक राजा मिलिंदाला असेच पेचात धरतो. चाके म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो, आणि शेवटी 'रथ' हे या जुळणीला दिलेले नुसते नाव ठरते. तिकडे अथेन्सकरांनी थीसियसच्या जहाजाच्या कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलल्या, तेव्हा जहाज तेच की दुसरे, यावर तत्त्ववेत्ते भांडले, असे प्लूटार्क सांगतो. मला त्या भांडणाचा धसका वाटत नाही. पानिपतावर १७६१ साली पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने ही पेठ वसली. आमचा वाडाही पाडून तिथे इमारत झाली. तरी मी सदाशिव पेठेतच राहतो असे म्हणतो, आणि कोणी मला खोटारडा म्हणत नाही. गाडी तीच आहे, असे मी आजही म्हणेन.

पण तरुणाने ते विचारलेच नव्हते. त्याने विचारले होते सुट्या भागांचे, आणि तिथे मी साफ खोटे बोललो. जहाजाच्या गोष्टीत फळ्या बदलणाऱ्या सुताराचे नाव नाही. त्याची आठवण मला आजवर कधी झाली नव्हती. माझा सुतार समोर बसून पिठले खात होता, आणि त्याची चाळीस वर्षे मी एका 'हो'त पुसून टाकली. बरे, तरुणाला शाबासकी हवी होती तीही मला, मेस्त्रींच्या वाट्याची. उठून त्या टेबलापाशी जाऊन खरे सांगता आले असते. मी ताक मागवले.

परतताना मेस्त्री सवयीने मागे बसायला निघाले. मी त्यांना पुढे बसवले. वडगाव येईपर्यंत धीर गोळा केला.

"मेस्त्री, मघाशी त्या मुलाला मी चुकीचं सांगितलं."

"गाडी वडिलांचीच आहे की, साहेब," ते म्हणाले. मग थोडा वेळ इंजिनाकडे कान देऊन बसले. "फक्त कार्बुरेटर त्यांच्या वेळचा सांगू नका. त्यांच्या वेळचा फार त्रास द्यायचा."