गळाची निवड

गेल्या माघात श्रीक्षेत्र नृसिंहवाडीस जाण्याचा योग आला. पादुकांचे दर्शन घेऊन आम्ही कृष्णाकाठाने बरेच दूर चालत गेलो, तो एक वृद्ध गृहस्थ गळ टाकून बसलेले दिसले. त्यांना मरळ किंवा शिवडा हवा होता. घाटावर यात्रेकरू माशांस चुरमुरे घालीत होते, आणि त्याच नदीत इकडे आमिष! परंतु हा विरोध फार सोपा आहे. खरा प्रश्न त्या गृहस्थांच्या डबीत होता.

डबीत नेहमीचे गळ होते, आणि काही असे की ज्यांचे टोक आत, दांड्याकडे वळलेले. मरळ व शिवडा हे शिकारी मासे भक्ष्य आख्खेच गिळतात. म्हणून नेहमीचा गळ पुष्कळदा घशात रुततो, व उलट्या काट्यामुळे निघत नाही. आत वळलेला गळ मासा दूर जाऊ लागला की सरकत येऊन बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. अट एवढीच, की हिसका द्यावयाचा नाही. उतावळ्या हातात तोही फुकट.

मग असा गळ निवडणारा अधिक नीतिमान काय? आयझॅक वॉल्टनने १६५३ सालच्या आपल्या ग्रंथात आमिषाचा बेडूक गळास लावताना त्यास फार जपावे, असे सुचविले. हेतू हा की, तो अधिक काळ जिवंत राहावा! या दयेस आम्ही कारागिरी म्हणू. माशास वेदना नसते, असे म्हणून पूर्वी सुटता येई; २००३ साली लिन स्नेडन व सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या मस्तकावर इजा जाणणारी मज्जाग्रे दाखविली, तेव्हापासून ती वाट अरुंद झाली आहे.

जो शिजविण्यासाठी मासा धरतो, त्याने पक्का गळ वापरावा व मासा हाती येताच मारावा. मरळ हवेतही श्वास घेते. टोपलीत ती तासन्‌तास जगते, आणि तेथे गळाची सौम्यता काय कामाची? जो मौजेखातर धरून सोडतो, त्याने उलटा काटा घासून टाकावा. सोडावयाचा होता तर धरला कशास, हे आम्ही त्यास विचारूच; पण उत्तर सापडेपर्यंत काटा तरी नसावा. पावसाळ्यात मरळ पिलांची राखण करते व जवळ येईल त्यावर तुटून पडते. त्या दिवसांत कोणताच गळ टाकू नये, असे आम्हांस वाटते.

हे सारे आम्ही त्या गृहस्थांस बोलून दाखविले. त्यांनी मान डोलावली, आत वळलेला गळ दोरीस बांधला, आणि डब्यातील पाण्यातून एक लहान जिवंत मासा उचलून त्यास टोचला.