वृद्धांची सेवा कशास म्हणावे?

घरातील वडीलधाऱ्या मंडळींना जागेवरून उठू न देणे, पाण्याचा तांब्याही त्यांच्या हाती नेऊन देणे, यास आपण सेवा म्हणतो. हेतू शुद्ध असतो, यात संशय नाही. परंतु जिच्यायोगे वृद्धांची उरलेली शक्तीही क्षीण होते, तीस सेवा म्हणावे काय?

न वापरलेले स्नायू दुबळे होतात, हा देहाचा धर्मच आहे. वृद्ध मनुष्य एकदा पडतो. पुन्हा पडण्याच्या भयाने बसून राहतो. बसल्याने पाय अधिकच दुबळे होतात, तोल ढळतो, आणि ज्याचे भय होते तेच ओढवते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली अशी शिफारस केली की, ६५ वर्षे व त्यावरील वयाच्या मंडळींनी आठवड्यातून किमान ३ दिवस तोल व बळ राखणारा व्यायाम करावा.

याचे एक उदाहरण गुजरातेतच सापडते. सुरतेच्या दक्षिणेस पारडी हे गाव आहे. वेदांचे भाष्यकार पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर १९४८ साली औंध सोडून तेथे आले, तेव्हा त्यांच्या वयाची ८० वर्षे उलटली होती. आसने व सूर्यनमस्कार यांचे ते पुरस्कर्ते होते. परप्रांतात त्यांनी स्वाध्याय मंडळाचा व्याप पुन्हा उभारला. १९६८ साली, वयाच्या १०१ व्या वर्षी, ते निवर्तले. दीर्घायुष्य केवळ व्यायामाने लाभते असे नव्हे. परंतु उतारवय म्हणजे स्वस्थ बसणे, हा समज त्यांच्या चरित्राने खोटा ठरतो.

कोणी म्हणेल, या वयात देहाची एवढी चिंता ही आसक्तीच नव्हे काय? मिरविण्यासाठी देह जपणे ही आसक्ती खरी. पण आपला भार इतरांवर पडू नये, देवदर्शनास आपल्या पायांनी जाता यावे, म्हणून तो जपणे हे कर्तव्य होय. अर्थात, जो अंथरुणास खिळला आहे त्याची योग्यता यामुळे तिळमात्र कमी होत नाही. त्याला आपल्या हातांची गरज आहे आणि ती आनंदाने भागविली पाहिजे.

कोसाडमधील आपल्या घरांतून एवढे तरी व्हावे: जिन्यात दिवा असावा, न्हाणीघर कोरडे असावे, आणि झेपतील ती कामे वडिलांना करू द्यावीत. मंदिरात प्रदक्षिणा घालताना त्यांच्या गतीने चालावे. आधाराचा हात जवळ असावा, मात्र गरज पडल्यावाचून तो पुढे करू नये.