पहिलं फूल

गावच्या देवळात कौल लावला, त्या सकाळी निकाल माझ्या मनात आधीच लागलेला होता. हे कबूल करायला इतकी वर्षं का लागावीत?

वडिलांच्या माघारी शेताची वाटणी व्हायची होती. 2005 च्या कायद्यानं वडिलोपार्जित जमिनीत मुलीचाही मुलाइतकाच वाटा धरलाय, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी ताईकडून हक्कसोडपत्र घेऊ का, असं देवाला विचारलं. गुरवांनी गाऱ्हाणं घातलं, मूर्तीला दोन्ही अंगांना फुलं लावली. डावं पडलं, म्हणजे नकार. मी म्हणालो, "नीट लागलं नव्हतं, परत लावा." दुसऱ्या खेपेला उजवं पडलं आणि मी हात जोडले. ते तरी नीट लागलं होतं का? तेव्हा नाही विचारलं.

ताईला पहिलं फूल सांगितलंच नाही. "देवाचा कौल आहे," एवढंच बोललो. "देवानंच सांगितलंय तर मी काय बोलू?" म्हणत तिनं सही केली. माझ्याशी ती भांडली असती. देवाशी कशी भांडणार? मग मी देवळात विचारायला गेलो होतो, की तिचं तोंड बंद करायला?

नोव्हेंबरात किरणोत्सवाला कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात उभा होतो. देवी पश्चिमाभिमुख. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि चरणांपासून मुखाकडे चढतात. एखाद्या वर्षी पोचत नाहीत. कधी ढग, कधी धूळ, कधी वाटेतली वाढलेली बांधकामं. त्या गर्दीत मला माझं बांधकाम दिसलं. ताईच्या वाट्याचा वीस गुंठे ऊस.

कौल लावणं खोटं, असं म्हणायला जीभ धजत नाही. आजीनं जन्मभर लावले. डावा पडला की ती मुकाट घरी यायची, बेत मोडायची. आपल्या मनाविरुद्धचं उत्तर घेऊन परतायची तयारी नसेल, तर विचारणं तरी कशाला म्हणायचं? आणि ज्या उत्तरात लाभ माझाच आहे, ते देवाचं म्हणण्याआधी, ज्याचं जाणार त्याला सगळं उघड सांगता येतं का?

मला सांगता आलं नव्हतं. येत्या रविवारी सातबारा घेऊन ताईकडे जायचं ठरवलंय. आधी पहिल्या फुलाचं सांगेन. मग जमिनीचं ती म्हणेल तसं. या वेळी कौल लावलेला नाही.