सावत्र आई कुठून आली?

जुन्या परीकथांवर नवी मालिका आली की 'मूळ गोष्टीची वाट लावली' ही तक्रार ठरलेली. सायमन मूर यांनी लिहिलेली 'द टेन्थ किंगडम' एनबीसीने २००० साली अमेरिकेत दाखवली. तिच्यावरही हा आक्षेप सहज घेता येईल. हिमगौरी आणि सिंड्रेला यांचे सुवर्णयुग सरले आहे, हिमगौरीचा नातू वेंडेल गादीवर बसायचा आहे आणि दुष्ट राणी त्याला कुत्रा बनवते. जादूच्या आरशातून तो न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात येऊन पडतो आणि वेट्रेसचे काम करणारी व्हर्जिनिया तिच्या वडिलांसह या प्रकरणात ओढली जाते. वरवर ही खिचडी वाटेल. पण परीकथा उलटवणे वेगळे आणि पुढे नेणे वेगळे. उलटवणारा लांडग्याला सज्जन आणि राजपुत्राला मूर्ख करून थांबतो. पुढे नेणारा विचारतो, की राजा-राणी सुखाने नांदू लागले, त्यानंतर काय झाले? ही मालिका दुसऱ्या जातीची आहे.

शिवाय मूळ गोष्ट म्हणायचे तरी कुठल्या गोष्टीला? हिमगौरीच्या बाबतीत बोट दाखवले जाते ते ग्रिम बंधूंच्या संग्रहाकडे. त्याचा पहिला खंड १८१२ मध्ये निघाला आणि १८५७ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत त्यावर हात फिरतच राहिला. पहिल्या आवृत्तीत रापुन्झेल भाबडेपणाने विचारते, कपडे असे तंग का होऊ लागले? ती गरोदर आहे हे त्यावरून वाचकाला कळते. पुढे हा प्रश्न गाळला गेला. त्याहून मोठा बदल हिमगौरीच्या गोष्टीत झाला. १८१२ च्या पाठात तिच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई आहे. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. हॅन्सेल आणि ग्रेटेलच्या आईचेही १८४० मध्ये तेच झाले. म्हणजे आज ज्या रूपाचे रक्षण करायला आपण धावतो, तेच एका संपादकीय दुरुस्तीतून आलेले आहे.

आता मालिकेकडे पुन्हा पाहू. दुष्ट राणी ही व्हर्जिनियाची, ती लहान असताना घर सोडून गेलेली आई निघते. ग्रिमच्या कथेत राणी म्हातारीच्या वेषात येऊन हिमगौरीच्या केसांत विषारी फणी खोवते. मालिकेत तशीच फणी मुलीच्या हातात आहे, आणि शेवटच्या झटापटीत तिच्याच ओरखड्याने आई मरते. आईने मुलीवर चालवलेले हत्यार इथे मुलीकडून आईवर चालते, आणि जिंकूनही मुलीच्या वाट्याला दुःखच येते. नवेपणासाठी नावाजली जाणारी ही मालिका या एका जागी १८१९ च्या मागे, ग्रिमच्या पहिल्या छापील पाठापाशी जाऊन पोचते.

इथे एक वजनदार आक्षेप उभा राहतो. ब्रुनो बेटेलहाइम यांनी 'द युझेस ऑफ एन्चांटमेंट' या १९७६ च्या ग्रंथात सावत्र आईची बाजू मांडली. आईचा राग आलेल्या मुलाला तो राग सावत्र आईवर काढता येतो आणि खरी आई मनात शाबूत राहते, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या इतर निष्कर्षांबद्दल कितीही मतभेद असले, तरी हे म्हणणे झटकून टाकता येत नाही. पाच वर्षांच्या मुलाला सख्खी आईच विष देते असे सांगणे क्रूरपणाचे आहे. मग ग्रिम बंधूंची दुरुस्ती ही निव्वळ भिडस्तपणा नव्हती; त्यांचा संग्रह मुलांच्या हाती जाऊ लागला होता आणि त्या वाचकाची ती गरज होती. पण पंचविशीतल्या माणसाची गरज निराळी. आपल्याला टाकून गेलेली आई राक्षसीण नव्हती, आजारी आणि दुबळी होती, हे त्याला कधीतरी पचवावे लागते. त्या वयात सावत्र आईचा आडोसा पुरत नाही.

म्हणून तक्रार करणाऱ्यांचे निम्मे म्हणणे मान्य करायला हवे. आधी हिमगौरीची सावत्र आई मनात घट्ट बसलेली असेल, तरच व्हर्जिनियाची आई काळजाला भिडते. जुनी गोष्ट मुलांना सांगितलीच गेली नाही, तर नवी नुसती करामत उरेल. मात्र जुनी सांगून तिथेच थांबलो, तर सगळा दुष्टपणा परक्यांच्या माथी मारायची सवय मोठेपणीही सुटणार नाही. लहानपणी सावत्र आईची गोष्ट आणि जाणतेपणी सख्ख्या आईची, हाच क्रम मला योग्य वाटतो.