बुळबुळ पुसलीत, आता औषध शोधा

थांब. खाली बसू नकोस. स्लाइड रंगीत होत्या, कौतुक आहे. पण शेवटी ‘माशांच्या जंतुनाशक पेप्टाइडांना प्रतिकार करणं जिवाणूंना अशक्य’ असं ठोकून दिलंस ते कशाच्या जोरावर? कोलिस्टिन हे प्रतिजैविक कोण? पेप्टाइडच ना, तेही एका जिवाणूनंच बनवलेलं? २०१५ साली चीनमध्ये त्याच्याविरुद्धचं एमसीआर-१ हे जनुक उजेडात आलं. ते जिवाणूच्या बाहेरच्या पटलावरचा ऋणभार कमी करतं, मग धनभारित कोलिस्टिन तिथं नीट चिकटतच नाही. तुझी माशांची पेप्टाइडंसुद्धा त्याच ऋणभाराच्या ओढीनं जिवाणूवर जातात. हा धागा तुला दिसला नाही? भारतानं २०१९ मध्ये मत्स्यपालनासकट सगळ्या खाद्यप्राण्यांत कोलिस्टिनवर बंदी घातली, ती हौस म्हणून नव्हे.

पिसिडिन या माशाच्या पेप्टाइडपुढं नुसतं ‘२००१’ लिहून पळालास. सापडलं कुठं? संकरित स्ट्राइप्ड बासच्या मास्ट पेशींत, अवघ्या २२ अमिनो आम्लांची साखळी. या पेशी त्वचेत, कल्ल्यांत, आतड्यात असतात; पाणी माशाला भिडतं ते तिथंच. विंटर फ्लाउंडरचं प्लुरोसिडिन तर १९९७ मध्ये चक्क त्वचेवरच्या बुळबुळीतूनच वेगळं केलं. मासा शीतरक्ताचा. त्याला पुरेशी प्रतिपिंडं तयार करायला कित्येक आठवडे लागतात. तळ्यातला एरोमोनास जिवाणू तोवर दम धरतो का? तेवढ्या काळात किल्ला लढवते ती ही बुळबुळ.

आणि काल प्रात्यक्षिकात काय केलंस? रोहूची बोटुकली कोरड्या हातात धरलीस. वर मोजपट्टीवर नीट राहावी म्हणून फडक्यानं पुसलीस! पुसलंस ते काय होतं, कळलं का आता? त्या हातानं आज आम्हाला पेप्टाइडं शिकवतोस. शेततळ्यात बीज कोंबायचं, जाळ्यात तासभर तडफडू द्यायचं, आणि मरतूक लागली की बाहेरून पिशवीतलं पेप्टाइड आणायचं, हे तुझं मत्स्यशास्त्र!

बरं, आणलंस. खाद्यात मिसळलंस. आतड्यातली विकरं त्याचे तुकडे पाडतील, त्याचं काय करणार? ‘सुरक्षित’ म्हणे! पिसिडिनची मात्रा वाढली की तांबड्या पेशीही फुटतात. हे तू वाचलंस की नाही ते मला ठाऊक नाही, पण लपवलं असशील तर ते जास्त वाईट.

सोमवारी सगळं पुन्हा मांडायचं. मात्रा आणि फुटलेल्या तांबड्या पेशी यांचा आलेख हवा, आणि विकरांवर उपाय काय तेही. तत्पूर्वी तळ्यावर जायचं आणि ओल्या हातानं मासा धरून दाखवायचा.

बाकीचे दात काढताय कशाला? ‘अशक्य’ म्हणताना तुमच्यापैकी एकानं तरी हात वर केला का?