कोणापुढे लहान व्हावे?

पुण्याहून सातारा-कोल्हापूरकडे जाणारा महामार्ग पुढे बंगळूरवरून थेट चेन्नईला जाऊन थांबतो. चेन्नई तीस-पस्तीस किलोमीटर उरली असता वाटेत इरुंगाट्टुकोट्टै लागते. १९९८ साली येथे ह्युंदाईच्या मोटारी तयार होऊ लागल्या. २००० मध्ये शेजारच्या श्रीपेरुंबुदूरला सें-गोबँ या फ्रेंच कंपनीचा काचकारखाना सुरू झाला आणि २०१० मध्ये ओरगडमला रेनॉ-निसानचा. पोटासाठी देशभरातून माणसे या परिसरात आली. त्यांत आपली मराठी माणसेही आहेत.

वाचकहो, त्यांच्यापैकी चाळिशी गाठलेला एखादा अभियंता डोळ्यांपुढे आणा. सुट्टीच्या दिवशी वही घेऊन तो चेन्नईतील नुंगंबाक्कमच्या आलियाँस फ्राँसेझमध्ये फ्रेंच शिकायला जातो. कोणी बढतीसाठी जातो, कोणी कॅनडातील क्वेबेकला स्थायिक व्हावे म्हणून, तर कोणी निव्वळ हौसेने. यात निंद्य काहीच नाही. आठवडाभर ज्याचा शब्द चालतो, त्याने निम्म्या वयाच्या शिक्षिकेपुढे उभे राहून स्वतःचे नाव-गाव अडखळत सांगावे, ही साधी गोष्ट नव्हे. बालकासारखे होण्याविषयी प्रभू येशूने शिष्यांना जे सांगितले, त्याचा थोडा सराव येथे आपोआप घडतो.

मराठी माणसाला काही गोष्टी सोप्या जातात. फ्रेंच भाषेत लिंगे दोनच. चंद्र तेवढा स्त्रीलिंगी होतो. नव्याण्णवला 'चार विसा, दहा आणि नऊ' म्हणतात याचे हसू येते खरे, पण आपल्या खेड्यांतील म्हाताऱ्या माणसांनीही विसांवरच हिशेब केले आहेत. 'त्यू' आणि 'वू' हा भेद इंग्रजीतून येणाऱ्याला नवा वाटतो, आपल्याला तो 'तू' आणि 'तुम्ही' यांतून बाळपणीच उमगलेला असतो. प्रभूच्या प्रार्थनेत फ्रेंच कॅथलिक पूर्वी स्वर्गीय पित्याला आदरार्थी 'वू' म्हणत. १९६६ साली इतर मंडळ्यांबरोबर मिळून स्वीकारलेल्या पाठात तेथे 'त्यू' आले. आपण तर त्याला प्रथमपासून 'तू'च म्हणत आलो.

आता प्रश्न असा, की हाच गृहस्थ दहा वर्षे तमिळांच्या देशी राहून त्यांची भाषा किती शिकला? घरी झाडलोट करणाऱ्या बाईंशी तो खुणांनी बोलतो, पहारेकऱ्याशी मोडक्या हिंदीत. येथे इंग्रजीवर भागते, तमिळची गरज पडत नाही, असे उत्तर मिळते. पण गरज कोणाची? बाईंचा मुलगा तापाने फणफणला असेल, तर ते सांगण्याची गरज त्यांना असते. ऐकून घेण्याची गरज मात्र धनी ठरवतो. जेथून लाभ व्हायचा त्या भाषेपुढे आपण आनंदाने लहान होतो. जिच्यापासून लाभ नाही, तिच्या बाबतीत वय झाले, आता डोक्यात शिरत नाही, अशी कारणे आठवतात. हे वय फ्रेंचच्या वर्गात का आड येत नाही?

आपल्या मराठी मंडळीचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, तेव्हा तिशीचे होते. त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. त्यानंतर १६२९ मध्ये गोव्यातच एत्येन द ला क्र्वा या जेझुइटांचे संत पेत्राच्या चरित्रावरील मराठी पुराण छापून झाले. हे फादर फ्रेंच होते! फ्रेंच माणसाने मराठी शिकून ओव्या रचल्याला चारशे वर्षे होत आली, हे फ्रेंचचे धडे गिरवणाऱ्या किती मराठी ख्रिस्ती जनांना ठाऊक असेल? या दोघांमागे पोर्तुगीज सत्तेचे बळ होते आणि धर्मप्रसाराचा हेतूही होता, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु बळ असल्यामुळेच शिकण्याची सक्ती त्यांच्यावर नव्हती. ती पुढे दुसऱ्यांवर झाली. १६८४ साली त्याच गोव्यात विजरईने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावी. वाकायचे कोणी, हे तेथे सत्तेने ठरवले.

पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक या भाषा प्रौढपणी अभ्यासल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले, ते साध्याभोळ्या वाचकांना कळावे म्हणून. १९२२ मध्ये त्या निवर्तल्या, तोवर हेच काम चालू होते. मूळ भाषा विद्वानांच्या होत्या, पण त्या शिकण्याचे श्रम सामान्य मराठी बायाबापड्यांसाठी होते. म्हणून मी फ्रेंचच्या वर्गाला नावे ठेवीत नाही. कोणती भाषा शिकलो यावरून शिकणाऱ्याचे मन ओळखता येईलच, असे नाही.

पण इरुंगाट्टुकोट्टैच्या त्या गृहस्थाला एक विचारावेसे वाटते. शिक्षिकेला 'त्यू' न म्हणता 'वू' म्हणायचे, हे तो पहिल्याच आठवड्यात शिकला. तमिळमध्येही असे दोन शब्द आहेत, 'नी' आणि 'नीङ्गळ'. घरी झाडायला येणाऱ्या, आईच्या वयाच्या बाईंना यांतला कोणता शब्द वापरावा, हे त्याने अद्याप कोणाला विचारलेले नाही. ते सांगणारी माणसे इरुंगाट्टुकोट्टैत घरोघरी आहेत; त्यासाठी नुंगंबाक्कमपर्यंत जावे लागत नाही.